धाप आणि दिनक्रम : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे फुप्फुसांच्या जुनाट आजारांविषयीची आहेत. पावसाळा सरून थंडी पडू लागते, उसाचे गाळप आणि गुऱ्हाळे सुरू होतात, शेतांत पाचट पेटवले जाते, आणि याच दिवसांत कोल्हापूर परिसरातून अशी पत्रे अधिक येतात. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यभर उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम केले. विडीचे व्यसन होते, ते काही वर्षांपूर्वी सुटले. डॉक्टरांनी सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असल्याचे सांगितले असून श्वासाने औषध ओढण्याचे पंप चालू आहेत. वर्षभरापूर्वी ते जिना चढत असत. आता अंघोळीपुरतेच उठतात. आम्ही त्यांना कोणतेही काम करू देत नाही, पाण्याचा तांब्याही हातात देतो. तरीही धाप वाढतच चालली आहे. आणखी कोणते औषध द्यावे, की आता उपाय उरलेला नाही?

उत्तर : आपण पत्रासोबत औषधांची सविस्तर यादी पाठवली आहे आणि ती योग्यच आहे, परंतु मला त्या यादीपेक्षा पाण्याच्या तांब्याचे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटले. ही सेवा मायेपोटी होते यात शंका नाही. तथापि वडिलांची धाप वाढण्यामागे आजाराप्रमाणेच या सेवेचाही वाटा असावा, आणि तो कमी करणे आपल्या हाती आहे.

सीओपीडीमध्ये श्वासनलिका अरुंद होतात आणि फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या भिंती नष्ट होतात, त्यामुळे आत घेतलेली हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही. रुग्ण भरभर चालू लागला, की मागचा श्वास संपण्याआधीच पुढचा घ्यावा लागतो, छातीत हवा साचत जाते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. हे नुकसान भरून येत नाही, आणि ‘फुप्फुसे पूर्ववत करतो’ असे सांगणाऱ्या कोणत्याही उपचारावर विश्वास ठेवू नये. परंतु धाप केवळ फुप्फुसांमुळे लागत नाही. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, आणि क्षीण स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागतो. मग पूर्वी जिन्यावर लागणारी धाप न्हाणीघरापर्यंत जातानाच लागू लागते. तालीम सुटलेल्या पैलवानाचे शरीर किती झपाट्याने उतरते, हे कोल्हापूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. स्नायूंची ही हानी मात्र या वयातही बऱ्याच अंशी भरून काढता येते.

यासाठी जो उपचार आहे त्यास फुप्फुस पुनर्वसन म्हणतात. साधारण ६ ते ८ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणे, हातापायांचे बळ वाढवणारे व्यायाम, श्वास सोडण्याची पद्धत आणि आजाराची माहिती, असे त्याचे स्वरूप असते. या काळानंतर फुंकर मारून केलेल्या स्पायरोमेट्रीच्या तपासणीतील आकडे फारसे बदललेले नसतात, तरीही रुग्ण अधिक अंतर चालतो, त्याला धाप कमी लागते आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी होतात. माझ्या मते या आजारातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी लिहून दिला जाणारा उपचार हाच आहे. आपल्या छातीच्या डॉक्टरांकडे त्याविषयी स्वतःहून विचारणा करावी. अन्यथा छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या रुग्णालयातील उररोग व फिजिओथेरपी विभागांत चौकशी करावी. सुरुवातीस हृदयाची तपासणी आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी करून घ्यावी, कारण काही रुग्णांचा ऑक्सिजन बसलेले असताना ठीक असतो आणि चालताना उतरतो.

परवानगी मिळाल्यावर घरीही सराव ठेवता येतो. पहिल्या आठवड्यात अंगणात किंवा गच्चीवर दोन-तीन मिनिटे चालणे, थांबणे, पुन्हा चालणे एवढेच पुरे. चालताना एखादे लहान वाक्य बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, एवढी धाप अपेक्षित असून ती धोक्याची नाही, हे वडिलांना आणि त्याहून अधिक घरातील मंडळींना पटले पाहिजे. पुढे रंकाळ्याचा पदपथ यासाठी उत्तम आहे, कारण तो सपाट आहे आणि मध्येच बसण्याची सोय आहे. मात्र थंडीत पहाटे जाण्याचा आग्रह धरू नये. त्या वेळी धूर आणि धूळ जमिनीलगत साचलेली असते, म्हणून ऊन पडल्यावर निघावे. हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि बसणे हा मांड्यांसाठी, तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणे हा हातांसाठी पुरेसा व्यायाम आहे. पुनर्वसन संपल्यावर सराव सोडला तर मिळवलेले काही महिन्यांत ओसरते.

श्वासाची पद्धत सोपी आहे. नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून घेतल्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडावा. पायरी चढताना, वाकताना, वस्तू उचलताना, म्हणजे श्रमाच्या क्षणी, श्वास सोडायचा असतो. बहुतेक रुग्ण नेमका त्याच क्षणी तो रोखून धरतात. धाप लागल्यास पुढे वाकून कोपरे गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकून बसावे, आणि चेहऱ्यावर, विशेषतः नाक व गालांवर, हातातल्या लहान पंख्याचा वारा घ्यावा. हा उपाय पोरकट वाटेल, परंतु त्याने धापेची जाणीव खरोखर कमी होते.

अंघोळ स्टुलावर बसून करावी, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवावी, आणि नंतर अंग पुसण्याची धडपड करण्याऐवजी मोठा पंचा पांघरून काही वेळ बसावे. दाढी आणि केस विंचरणे कोपर टेकवून करावे, कारण हात डोक्याच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे खांद्याचे स्नायू दुसऱ्या कामाला लागतात. बाकी पाणी त्यांना स्वतः घेऊ द्यावे, भाजी निवडणे किंवा देवपूजा यांसारखी कामे त्यांच्याकडे परत द्यावीत, आणि त्यांना वेळ लागला तरी मध्ये पडू नये.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. फौंड्रीतील वाळूच्या धुळीत सिलिका असते. त्यामुळे सिलिकोसिस नावाचा वेगळा विकार जडू शकतो आणि अशा रुग्णांना क्षयरोगाचा धोकाही अधिक असतो. डॉक्टरांना वडिलांच्या कामाचे नेमके स्वरूप, म्हणजे मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणे), फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे), भट्टी यांपैकी कोठे किती वर्षे काढली, हे सांगावे व छातीच्या एक्स-रेची त्या दृष्टीने फेरतपासणी करून घ्यावी. सिलिकोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यावसायिक आजार असून, वडील कर्मचारी राज्य विमा योजनेत असल्यास निदानाची कागदपत्रे जपून ठेवणे उपयोगी ठरेल.

प्रश्न : यजमानांना दोन प्रकारचे पंप दिले आहेत. नातेवाईक म्हणतात की पंपाची सवय लागते, म्हणून ते त्रास वाढल्यावरच ओढतात आणि एरवी गोळी घेतात. गावातील डॉक्टरांच्या इंजेक्शनने लगेच आराम पडतो. विडी पाच-सहावर आणली आहे. हे योग्य आहे का? (कागल तालुका)

उत्तर : नाही. पंपाची सवय लागत नाही. त्याची गरज आजारामुळे असते, आणि चष्मा वापरणाऱ्याविषयी आपण अशी तक्रार करत नाही. सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीसपट, असते. गोळीतील औषध रक्तातून सर्व शरीरभर फिरते, त्यामुळे हात कापणे आणि छाती धडधडणे हे त्रास गोळीने अधिक होतात. पंपातील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते.

दोन पंपांची कामे निराळी आहेत. एक रोज ठरलेल्या वेळी, बरे वाटत असतानाही घ्यायचा असतो. दुसरा अचानक धाप लागल्यावर. कोणता कशासाठी हे डॉक्टरांना विचारून डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. त्याहून मोठा प्रश्न पद्धतीचा आहे. दाबाचा पंप असल्यास तो हलवून, श्वास पूर्ण सोडून, सावकाश श्वास घ्यायला सुरुवात होताच दाबायचा आणि नंतर दहा सेकंद श्वास रोखायचा असतो. हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावावा, त्यात कमीपणा नाही. पावडरच्या कॅप्सूलचे उपकरण असल्यास मात्र श्वास जोराने व खोल घ्यावा लागतो. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही भेटतात. स्टिरॉइड असलेल्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही. पुढच्या भेटीत यजमानांनी डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवावा. निम्म्या चुका तेथेच सापडतील.

इंजेक्शनने लगेच आराम पडतो हे खरे आहे, परंतु अशा इंजेक्शनांत अनेकदा स्टिरॉइड असते. आजार अचानक बळावल्यास पाच दिवसांचा स्टिरॉइडचा कोर्स योग्य असतो. मात्र तेच औषध दर पंधरवड्याला घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते आणि मोतीबिंदू लवकर येतो. धाप नेहमीपेक्षा वाढणे, बेडका वाढणे आणि त्याचा रंग पिवळा-हिरवा होणे ही तीन लक्षणे दिसल्यास काय करायचे, हे आपल्या छातीच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूविरुद्धची) लस घ्यावी, म्हणजे असे प्रसंगच कमी येतील.

विडी पाच-सहावर आणणे ही सुरुवात आहे, उपचार नव्हे. फुप्फुसांच्या क्षमतेची घसरण मंदावते ती विडी पूर्ण सुटल्यावर, आणि ती कोणत्याही वयात सुटली तरी लाभ होतो. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही शासनाची निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे. निकोटिनचे च्युइंगगम व औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. विडीऐवजी मिश्री लावणे हा पर्याय समजू नये.

प्रश्न : मी ५४ वर्षांची आहे, विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही. तरी मला सीओपीडी कसा? वजन वर्षभरात सात किलो उतरले. दोन घास खाल्ले की धाप लागते. दूध-केळी-ताक कफ करतात म्हणून बंद केली आहेत. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होते. (राधानगरी तालुका)

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शेवटच्या वाक्यात आहे. बंद स्वयंपाकघरातील लाकूड, गोवऱ्या आणि चिपाडाचा धूर वर्षानुवर्षे घेणे हे भारतातील स्त्रियांमध्ये सीओपीडीचे प्रमुख कारण आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ जळण घालण्याचे काम आपण केले असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. पूर्वी क्षयरोग झाला असेल, तर त्यानेही श्वासनलिका कायमच्या अरुंद राहू शकतात.

चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवर येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु घरातील ज्या व्यक्तीला हा आजार आहे तिनेच चुलीपुढे बसावे, हे मान्य होण्यासारखे नाही. भाकरी गॅसवर कराव्यात, पाण्यासाठी जमल्यास सौर किंवा विजेची सोय करावी, आणि चूल ठेवायचीच असेल तर ती घराबाहेर हवेशीर जागी ठेवून दुसऱ्या कोणी पेटवावी. शेजारच्या शेतात पाचट जाळले जात असेल त्या दिवशी दारे-खिडक्या लावून घरातच राहावे. तोंडाला पदर लावल्याने धुरातील सूक्ष्म कण अडत नाहीत.

वजन उतरणे मी आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर बाब मानतो. प्रथम क्षयरोग, मधुमेह आणि अन्य कारणांसाठी तपासणी करून घ्यावी. ‘दम्याने माणूस वाळतोच’ असे म्हणून ती टाळू नये. या आजारात श्वास घेण्यासाठीच अधिक शक्ती खर्च होते, आणि वजन घटले की श्वासाचे स्नायूही घटतात. जेवणाने भरलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते, म्हणून दोन वेळच्या पोटभर जेवणाऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे, जेवणापूर्वी अर्धा तास विश्रांती घ्यावी, आणि जेवताना फार पाणी पिऊ नये. दूध, ताक आणि केळी यांनी फुप्फुसांत कफ तयार होत नाही; ती बंद करून आपण स्वस्त आणि सोपे पोषण नाकारले आहे. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर अंडी, उसळी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, दही, मासे किंवा मटण यांपैकी जे परवडेल व रुचेल ते रोजच्या आहारात असावे. पांढरा रस्सा तांबड्यापेक्षा सोसेल. तिखटाने फुप्फुसे बिघडत नाहीत, परंतु आम्लपित्ताने रात्रीचा खोकला वाढतो. भाकरी चावताना धाप लागत असेल तर ती दुधात किंवा आमटीत कुस्करावी.

प्रश्न : आईला रुग्णालयातून घरी सोडताना ऑक्सिजनचे यंत्र वापरण्यास सांगितले. ती धाप लागली की तासभर लावते आणि एरवी काढून ठेवते. देवघर त्याच खोलीत आहे. वीज वारंवार जाते आणि पावसाळ्यात पुराची भीती असते. (प्रयाग चिखली)

उत्तर : धाप लागल्यावर घेण्याचे औषध म्हणून घरचा ऑक्सिजन दिला जात नाही. रक्तातील ऑक्सिजन दीर्घकाळ कमी राहिला की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. तो टाळण्यासाठी दिवसातून किमान १५ तास, झोपेसह, ऑक्सिजन घ्यावा लागतो. १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांतून, ऑक्सिजन फारच कमी असलेल्या रुग्णांचे आयुष्य अशा दीर्घ वापराने वाढते, हे स्पष्ट झाले. याउलट ज्यांचा ऑक्सिजन थोडासाच कमी असतो त्यांना असा लाभ होत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले. म्हणून आईची प्रकृती स्थिर झाल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, विश्रांतीच्या स्थितीत तपासणी पुन्हा करावी. ऑक्सिमीटरवर ८८ किंवा त्याहून कमी आकडा सातत्याने येत असेल आणि रक्तचाचणीत त्यास दुजोरा मिळाला, तर यंत्र चालू ठेवावे. अन्यथा ते परत करता येईल आणि विजेचे बिलही वाचेल.

किती लिटर सोडायचा हा औषधाचा डोस आहे. धाप वाढली म्हणून घरच्यांनी बटण फिरवू नये. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणून अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२ हेच योग्य लक्ष्य असते आणि ९८ चा आकडा पाहून समाधान मानू नये. सकाळी डोके जड होणे आणि दिवसा सारखी गुंगी येणे ही साचलेल्या वायूची लक्षणे असू शकतात.

देवघराविषयी आपण विचारले हे बरे झाले. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, परंतु त्याच्या सान्निध्यात कापड, केस आणि अंथरूण विलक्षण वेगाने पेट घेतात. समई, निरांजन, उदबत्ती, धूप, गॅस आणि विडी ही ऑक्सिजनपासून किमान दहा फूट दूर असावीत; त्यातही उदबत्ती आणि धुपाचा धूर आईच्या फुप्फुसांना अपायकारक आहेच. देवघर दुसऱ्या खोलीत हलवणे शक्य नसेल तर विजेवरचा दिवा लावावा. नळी टोचते म्हणून नाकाला तेल किंवा व्हॅसलीन लावू नये.

यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट वीज घेते, म्हणजे १५ तासांत पाच-सहा युनिट. घरचा इन्व्हर्टर ते किती वेळ चालवील, हे एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावे. सोबत भरलेला सिलिंडर असावा. ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर या गतीने तो सुमारे १२ तास पुरतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांचा अनुभव आपल्या गावाला आहेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आईसारख्या रुग्णांनी दुसऱ्या आकड्याची वाट न पाहता ३९ फुटांवरच यंत्र, सिलिंडर, पंप आणि कागदपत्रांसह उंचावरील नातेवाईकांकडे जावे. कोणाकडे जायचे आणि वाहन कोणाचे, हे मे महिन्यातच ठरवून ठेवावे. पूर ओसरल्यावर भिंती वाळून बुरशी साफ होईपर्यंत तिला परत आणू नये.

प्रश्न : रात्री अचानक जाग येते, श्वास अडकल्यासारखा होतो आणि आता संपले असे वाटते. झोपेची गोळी घेऊ का? लोकांसमोर खोकला येईल म्हणून लग्नकार्याला जाणेही सोडले आहे. (राजारामपुरी)

उत्तर : झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये, काही गोळ्या श्वसन मंद करतात. रात्रीच्या धापेमागे हृदयविकार, आम्लपित्त किंवा झोपेत श्वास थांबण्याचा विकार नाही ना, हे प्रथम पाहावे लागेल. या कारणांचा निर्णय झाल्यावरही त्रास उरला, तर तो बहुधा भीतीचा असतो. घाबरल्यावर श्वास उथळ व जलद होतो, छातीत हवा साचते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. उठून पाय खाली सोडून बसावे, पुढे वाकावे, पंखा चेहऱ्यावर घ्यावा आणि फक्त श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावे. या आजारात चिंता आणि नैराश्य पुष्कळ रुग्णांना होते व त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेली-मानस सेवेवर मराठीतूनही बोलता येते. लग्नास अवश्य जावे, मात्र पंप खिशात ठेवावा, दाराजवळची खुर्ची धरावी, निघण्यापूर्वी कफ मोकळा करून घ्यावा, आणि होमाचा धूर व फटाके यांपासून दूर राहून जेवणाच्या वेळी पोहोचावे. पंप घेऊनही धाप उतरत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, एक वाक्यही पूर्ण बोलता येत नसेल किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर ती भीती नसते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सकाळची वाट पाहू नये.